दोन मिनिटांची किंमत

२०२४ च्या डिसेंबरातील गोष्ट. डोंबिवलीतील एका व्याख्यानमालेत मला निमंत्रण होते. विषय होता ‘नागरिकांची कर्तव्ये’. सायंकाळी सहाची वेळ. पुण्याहून निघायला उशीर झाला आणि तो उशीर माझाच होता. दुपारच्या जेवणानंतर टिपणे पुन्हा चाळत बसलो, त्यात अर्धा तास गेला. द्रुतगती मार्गावर गाडी लागली आणि गेलेला अर्धा तास परत मिळवण्याची ईर्षा नकळत पायात उतरली. लोणावळा मागे पडले, उतार सुरू झाला. ताशी ६० किलोमीटरची मर्यादा सांगणारे फलक दिसत होते. वाचलेही होते. परंतु वाचणे आणि पाळणे यांत जे अंतर असते, ते त्या दिवशी मी लीलया पार केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भ्रमणध्वनीवर संदेश आला. अमुक वाहन क्रमांक, अमुक ठिकाण, अमुक वेळ, वेग ताशी ७८ किलोमीटर, दंड २००० रुपये. सोबतच्या दुव्यावर गाडीचे छायाचित्र होते. कुणी पोलीस आडवा आला नव्हता, शिट्टी वाजली नव्हती, वादावादी झाली नव्हती. खांबावरच्या एका यंत्राने मला पाहिले होते आणि मी जसा होतो तसा टिपून घेतला होता.

एरवी हा प्रसंग लेखाचा विषय होण्याच्या योग्यतेचा नाही. असे संदेश रोज हजारो घरांत येतात. परंतु त्यानंतरच्या दोन दिवसांत माझ्या घरात, सोसायटीत आणि मुख्यतः माझ्या मनात जे घडले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण तो केवळ माझा अनुभव आहे, असे मला वाटत नाही.

सबबींची रांग

पहिली प्रतिक्रिया अर्थातच रागाची होती. ‘घाटात साठ म्हणजे काय? बैलगाडी का हाकायची?’ मग दुसरी सबब आली : ‘माझ्या पुढून नव्वदने गेलेल्या गाड्यांचे काय?’ तिसरी अधिक तात्त्विक होती : ‘रस्त्यांवरचे खड्डे आधी बुजवा, मग आमच्याकडून दंड घ्या.’ सायंकाळी फिरायला गेलो तेव्हा शेजारच्या सद्गृहस्थांनी व्यावहारिक सल्ला दिला. ‘भरू नका हो एवढ्यात. लोकअदालत लागते, तिथे तडजोडीत कमी होतात. आमची चार चलने तशीच पडून आहेत.’ हे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी आहेत. कर्जाचा एक हप्ता चुकवणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर कधी क्षमा केली नाही. परंतु स्वतःच्या दंडासाठी मात्र ते दिवाळीच्या सेलसारखी सवलतीची वाट पाहत होते.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. कारण माझ्या डोक्यात त्याहून वाईट विचार घोळत होता. माझ्या परिचयाचे एक जुने सहकारी आज सत्तेच्या वर्तुळात वावरतात. आम्ही एकाच शिबिरात जमिनीवर पथाऱ्या टाकून झोपलो आहोत. एक दूरध्वनी केला तर ‘बघतो, कुणाशी तरी बोलतो’ एवढे तरी ते नक्कीच म्हणाले असते. रात्री जेवणानंतर मी त्यांचा क्रमांक शोधू लागलो. समोर बसलेला माझा मुलगा पाहत होता. तो संगणक अभियंता आहे, कामानिमित्त नवी मुंबईत राहतो आणि दर शनिवार-रविवारी त्याच घाटातून ये-जा करतो. त्याने सहज विचारले, ‘बाबा, कुणाला लावताय?’

मी नाव सांगितले. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, ‘म्हणजे आपली ओळख आहे तर.’

त्या वाक्यात उपरोध नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्या क्षणी त्याच्या मनात एक धडा नोंदवला जात होता : मर्यादा असते, पण ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी. घाटात दर आठवड्याला जाणाऱ्या मुलाला मी हा धडा देत होतो. मी फोन खाली ठेवला.

गणित काय सांगते?

आम्हा कलाशाखेच्या मंडळींचे गणिताशी फारसे सख्य नसते. तरीही त्या रात्री कागद घेऊन बसलो. दहा किलोमीटर अंतर ताशी ६० च्या वेगाने कापायला दहा मिनिटे लागतात. ७८ च्या वेगाने पावणेआठ मिनिटांहून थोडा कमी वेळ लागतो. म्हणजे मी वाचवली सुमारे सव्वादोन मिनिटे. ती घेऊन पुढे गेलो आणि शिळफाट्याच्या कोंडीत पस्तीस मिनिटे उभा राहिलो. संपूर्ण द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा. तो सबंध ताशी १०० ऐवजी १२० ने कापला, तरी वाचतात जेमतेम साडेनऊ मिनिटे. चहाच्या एका थांब्याएवढी.

आता वहीची दुसरी बाजू. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ७८ च्या वेगाने जवळजवळ २२ मीटर, १०० च्या वेगाने २८ मीटर. पुढे काही आडवे आले आहे हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक-दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी चालकाच्या ताब्यात नसते. ती आपल्या पूर्वीच्याच वेगाने धावत असते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझा वेग मर्यादेपेक्षा तीस टक्क्यांनी जास्त होता. परंतु मी कुणावर आदळलो असतो, तर तो आघात जवळजवळ पावणेदोनपट असता. उतारावर, वळणावर, ब्रेक तापलेल्या मालमोटारींच्या गर्दीत हा हिशेब आणखी कठोर होतो. ‘बैलगाडी का हाकायची’ या माझ्या प्रश्नाचे उत्तर निसर्गनियमांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. शासनाने ते केवळ फलकावर लिहिले, इतकेच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक माणसे गेली. सरासरी काढली तर देशात दर तासाला १९ मृत्यू. डोंबिवलीत माझे व्याख्यान दीड तास चालले. टाळ्या वाजल्या, पुष्पगुच्छ मिळाला, आभारप्रदर्शन झाले. या सरासरीने पाहिले तर तेवढ्या अवधीत देशाच्या रस्त्यांवर अठ्ठावीस-एकोणतीस माणसे संपली असतील. त्यांत माझ्यामुळे एकही गेले नाही, यात माझे कर्तृत्व काय? काही नाही. केवळ दैव.

मृत्यूच्या या यादीत गाड्यांच्या काचा लावून बसलेल्यांपेक्षा उघड्यावरच्या माणसांची संख्या मोठी आहे. दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून ती साठ टक्क्यांच्या पुढे जाते. वेगाचा आनंद एकाने घ्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, असा हा व्यवहार आहे. आणि मराठी रसिकांना या मार्गाची आठवण वेगळी करून द्यायला नको. २००१ साली भक्ती बर्वे आपल्यातून गेल्या त्या याच मार्गावरील अपघातात. २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, सोबत अक्षयचा चिमुकला मुलगाही. २०१४ च्या जूनमध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाभर होतो न होतो तोच गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि महाराष्ट्राचा एक लोकनेता हरपला. प्रत्येक अपघाताची कारणे निराळी असतात, त्यांचा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु रस्ता कुणाची ओळख विचारत नाही, एवढे तरी या नावांवरून आपल्याला कळायला हवे.

कायदा कुणाचा?

वेगाबद्दल शिक्षा होण्याची गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडमधील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने वस्तीत ताशी दोन मैलांची मर्यादा असताना ताशी आठ मैलांनी मोटार हाकली. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडले आणि त्याला एक शिलिंग दंड झाला. आज ही गोष्ट विनोदी वाटते. परंतु तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी तिथल्या संसदेने तो जुना कायदा बदलला आणि मर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढवली. मर्यादा अवाजवी वाटली तर ती बदलण्याचा मार्ग समाजाला मोकळा असतो. परंतु बदलेपर्यंत ती पाळायची असते. ज्याला जी मर्यादा पटत नाही ती त्याने मोडायची, असे ठरले तर कायदा उरत नाही. उरतो तो बळी तो कान पिळी हा न्याय.

आपल्याकडे काय झाले ते आठवून पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अतिवेगासाठी पहिल्या गुन्ह्याला कमाल ४०० रुपये दंड होता. तीन दशकांत रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, दंड मात्र जागच्या जागी राहिला. २०१९ साली केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी या कायद्यात मोठी दुरुस्ती करवून घेतली. हलक्या वाहनांसाठी दंड १००० ते २००० रुपये झाला. १ सप्टेंबर २०१९ पासून या तरतुदी लागू झाल्या आणि देशभर ओरड सुरू झाली. तेव्हा गडकरींनी स्वतःच सांगितले होते की, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर अतिवेगाबद्दल त्यांच्या नावावरील गाडीलाही दंड झाला आणि तो त्यांनी भरला. परंतु पुढे काय घडले? गुजरातने अनेक दंड कमी केले. महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. तत्कालीन युती सरकारने अंमलबजावणी थांबवली. राज्यात नवे दंड लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, तोवर सरकारही बदलले होते. केंद्रात आपल्या विचारांच्या सरकारने केलेला कायदा राज्यात आपल्याच सरकारने मतांच्या धास्तीने रोखून धरला, हे कटू असले तरी सत्य आहे. आणि दोष केवळ राज्यकर्त्यांचा नाही. दंड वाढल्यावर रागावणारे मतदार आपणच होतो.

शासनाकडूनही काही अपेक्षा आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेल्या तरतुदीनुसार अशा यंत्रांचे प्रमाणीकरण दरवर्षी नव्याने व्हायला हवे, यंत्र बसवल्याची सूचना देणारे फलक लावायला हवेत आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पोहोचायला हवी. या अटी कसोशीने पाळल्या गेल्या पाहिजेत. झाडाआड दबा धरून पावती फाडणे हा तिजोरी भरण्याचा मार्ग झाला, तो जीव वाचवण्याचा नव्हे. वेग कमी व्हावा हा हेतू असेल तर चालकाला आधी सावध करणेच अधिक उपयोगी. दुसरे, दंडाचा भार सर्वांना सारखा जाणवत नाही. २००० रुपये माझ्या खिशाला बोचले. भाड्याची गाडी चालवणाऱ्याच्या घरात त्या दंडाने आठवड्याचा किराणा अडतो, आणि कोट्यवधींची गाडी बाळगणाऱ्याला तो जाणवतही नाही. फिनलंडमध्ये अतिवेगाचा मोठा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. २०२३ साली तिथल्या एका धनाढ्य उद्योजकाला ताशी ५० च्या भागात ८२ ने गाडी नेल्याबद्दल १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येईल असे नाही. परंतु वारंवार गुन्हा करणाऱ्याचा परवाना खरोखर निलंबित होऊ लागला, तर श्रीमंताला आणि गरिबाला ती शिक्षा सारखीच जाणवेल. तशी तरतूद कायद्यात आहे. वापरण्याची इच्छा हवी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कायदा वरपासून खालपर्यंत एकच दिसला पाहिजे. २०२३ च्या जानेवारीत ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी धावत्या गाडीत आसनपट्टा न लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथल्या पोलिसांनी पदावरील पंतप्रधानांना दंड ठोठावला आणि त्यांनी क्षमा मागितली. आपल्याकडे मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरात भरधाव आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. पुढे जनक्षोभ उसळला, तो आदेश बदलला, खटले उभे राहिले. न्यायालय त्याचा निर्णय करील. परंतु त्या रात्री सामान्य माणसाच्या मनात ‘ओळख असली की होते’ हा समज आणखी घट्ट झाला. रामशास्त्री प्रभुण्यांची कथा आपण मुलांना सांगतो. सत्ताधीशाच्या तोंडावर दोष सांगणारा न्यायाधीश आपल्याला वंदनीय वाटतो. परंतु तो न्याय आपल्यापर्यंत येऊन ठेपला की आपण ओळखीचा क्रमांक शोधू लागतो.

शिस्त कुठे संपते?

या साप्ताहिकाच्या वाचकांना शिस्तीचे महत्त्व मी सांगावे, असे नाही. आपल्यातील अनेकांनी ती लहानपणापासून अंगी बाणवली आहे. शिट्टी वाजली की रांग लागते, कार्यक्रम ठरल्या मिनिटाला सुरू होतो, जेवणाच्या ताटात कण उरत नाही. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु स्वतःलाच विचारलेला प्रश्न आपल्यापुढेही ठेवतो. ही शिस्त गाडीच्या चाव्या हातात येताच कुठे जाते? चार लोक पाहत असताना पाळली जाते ती शिस्त, की कुणी पाहत नसतानाही टिकते ती? घाटातील त्या उतारावर मी एकटा होतो. पाहणारे कुणी नाही, या समजुतीत माझा पाय दाबला गेला होता. यंत्राने पकडले ते माझ्या वेगाला. मला स्वतःला सापडले ते माझ्या शिस्तीचे उथळपण.

छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र सर्वश्रुत आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, ही आज्ञा आपण भाषणांतून नेहमी सांगतो. त्याच पत्रातील दुसरा भाग मात्र क्वचितच आठवतो. रात्री दिवा जळत ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात पळवील, गवताच्या गंजी पेटतील, अशी बारीकसारीक सावधगिरी महाराजांनी त्यात सांगितली आहे. एका राज्याचा धनी उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करतो! कारण एकाच्या निष्काळजीपणाने शेकडोंचा घात होतो, हे त्यांना ठाऊक होते. घाटातील वेगमर्यादेचा फलक त्याच जातीचा आहे. तो आपला अपमान करण्यासाठी लावलेला नाही. पुढच्या वळणावर कुणाचे तरी लेकरू आहे, एवढेच तो सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी २००० रुपये भरले. लोकअदालतीची वाट पाहिली नाही, कुणाला दूरध्वनी केला नाही. पावती मुलाला पाठवली. त्याने उत्तरादाखल एक छायाचित्र पाठवले; मागच्याच महिन्यातील त्याचे स्वतःचे चलन, न भरलेले. घरात सांगायची त्याला लाज वाटली होती, किंवा कदाचित सांगण्यासारखे काही आहे असेच वाटले नव्हते. संध्याकाळी त्याने तेही भरले. त्यावर आमच्यात फारसे बोलणे झाले नाही. त्या शनिवारी मात्र तो नेहमीपेक्षा पंधरा मिनिटे उशिरा घरी पोहोचला. सौभाग्यवती दारात उभी होती. ‘का रे, उशीर?’ तिने विचारले.

‘घाटात साठने आलो,’ तो म्हणाला.

उशिराचे एवढे समाधान मला आयुष्यात कधी झाले नव्हते. पुढच्या व्याख्यानात ‘नागरिकांची कर्तव्ये’ या विषयावर बोलताना सुरुवात माझ्या चलनापासूनच करायची, असे ठरवले आहे. आणि त्या गावी जाण्यासाठी घरातून अर्धा तास आधी निघायचे, हेही.